बुडालेली गावे फिल्ममध्ये कशी उरतात? नंदुरबारचा नर्मदाकाठ, जुने फुटेज आणि सामूहिक स्मृती

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्याच्या डोंगररांगा थेट नर्मदेत उतरतात. महाराष्ट्राच्या हद्दीला नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर लागून वाहते. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या दोन तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवर धरणाच्या बुडित क्षेत्रात येतात. यांतील काही गावांचे नदीकाठचे पाडे पूर्ण बुडाले, तर काही गावांचा खालचा भाग पाण्याखाली गेला आणि वरच्या टेकड्या उरल्या.

या गावांचे जुने रूप आज दोनच ठिकाणी पाहता येते. एक, तिथे राहिलेल्या माणसांच्या आठवणीत. दुसरे, १९९० च्या दशकात आणि त्यानंतर तिथे झालेल्या चित्रीकरणात. माणसे म्हातारी होत आहेत आणि चित्रीकरणाच्या टेपही जुन्या होत आहेत. दोन्ही एकत्र आणण्याचे काम वेळेत झाले नाही, तर चित्र उरेल पण त्यात काय दिसते आहे हे सांगणारे कोणी नसेल.

‘आर्काइव्हल फुटेज’ म्हणजे काय?

एका कारणासाठी चित्रित झालेले, जपून ठेवलेले आणि पुढे दुसऱ्या कारणासाठी उपयोगी पडणारे कोणतेही चित्रीकरण म्हणजे आर्काइव्हल फुटेज. त्यात सरकारी वार्तापट येतात, माहितीपट येतात, बातम्यांसाठी केलेले शूटिंग येते आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेटही येते. माहितीपटात न वापरलेला, कापून बाजूला ठेवलेला भागही त्यातच मोडतो. त्याला फिल्मवाले ‘रशेस’ म्हणतात.

एक तासाच्या माहितीपटामागे अनेक तासांचे रशेस असतात. दिग्दर्शकाला गोष्ट सांगायची असते, त्यामुळे गोष्टीत न बसणारे दृश्य बाहेर जाते. गावाच्या स्मृतीसाठी मात्र ते बाहेर गेलेले दृश्यच मोलाचे ठरू शकते. मोर्चा निघण्याआधी अंगणात बसलेली माणसे, नदीवर पाणी भरणाऱ्या बाया, घराकडे जाणारी पायवाट यांपैकी काहीही त्यात असू शकते.

नर्मदाकाठी काय घडले?

सरदार सरोवराच्या प्रकल्पाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. राज्यांमधला पाणीवाटपाचा तंटा नर्मदा पाणीतंटा लवादाकडे गेला. लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला आणि त्याच निवाड्यात विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या अटी ठरल्या. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पुनर्वसन आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवर टीका वाढल्यावर बँकेने स्वतंत्र आढावा समिती नेमली. ‘मोर्स समिती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको असल्याचे कळवले.

बुडिताचा पहिला मोठा फटका बसलेले महाराष्ट्रातले गाव म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरले. १९९४ मध्ये मणिबेलीजवळचे जुने शूलपाणेश्वर मंदिर पाण्याखाली गेले. त्याच वर्षी जगभरातल्या शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी करणारे जाहीरनामापत्र काढले. त्याला नाव दिले गेले ‘मणिबेली जाहीरनामा’. गाव बुडत असताना त्याचे नाव जगात पोहोचले.

त्यानंतर धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. २००६ मध्ये उंची १२१.९२ मीटर झाली. १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे बुडण्याची ही प्रक्रिया एका रात्रीत घडली नाही, ती पाव शतकाहून अधिक काळ चालली. या काळात नंदुरबार जिल्हाही नव्हता, मग झाला. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या बातम्यांत आणि माहितीपटांत ही गावे ‘धुळे जिल्ह्यातली’ म्हणून येतात. जुने फुटेज शोधताना हे लक्षात ठेवावे लागते.

गावातली माणसे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली. काही तळोदा तालुक्यातल्या रेवानगर, सोमावल, रोझवा, नर्मदानगर अशा वसाहतींत आली. काही शहादा तालुक्यातल्या वडछील येथे गेली. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातमधल्या परवेटा वसाहतीत गेली. काही जण वरच्या टेकड्यांवर सरकून मूळ गावातच राहिले. एका गावाच्या आठवणी आता दोन राज्यांत आणि अनेक वसाहतींत वाटल्या गेल्या आहेत.

कागद असताना चित्रीकरण कशाला हवे?

सरकारी नोंदी पाहिल्या तर सरदार सरोवराखाली महाराष्ट्राची सुमारे ९,६०० हेक्टर जमीन गेली आणि तिच्यातली सुमारे ६,५०० हेक्टर ‘वन’ म्हणून नोंदलेली आहे. कागदावर हा रिकाम्या जंगलाचा आकडा वाटतो. प्रत्यक्षात याच जंगलात लोक पिढ्यान्पिढ्या शेती करत होते, मोहफुले वेचत होते, गुरे चारत होते. अक्राणीतल्या कित्येक गावांचा दर्जा दीर्घकाळ ‘वनगाव’ असा होता, त्यामुळे तिथे रीतसर महसुली मोजणी आणि सातबारा नव्हता. कोणाचे शेत कुठपर्यंत, हे सगळ्या पाड्याला माहीत होते. तलाठ्याच्या दप्तरात मात्र ते नव्हते.

दुसरे कारण भाषेचे. या भागात भिली भाषेची देहवालीसारखी रूपे आणि पावरी बोलली जाते. सृष्टीच्या उत्पत्तीपासून नदी-डोंगरांच्या कथांपर्यंतचे ज्ञान ‘गायना’ म्हणून रात्र-रात्र गाऊन पुढे दिले गेले आहे. ते लिहून ठेवण्याची रीत नव्हती. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या प्रदेशाची माहिती मिळते, पण ती बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची आहे. लोकांचा स्वतःचा आवाज, हातवारे, गाण्याचा ठेका हे सगळे कॅमेऱ्यात आणि टेपरेकॉर्डरमध्येच पकडले जाऊ शकत होते.

तिसरे कारण पाण्याचे. गोव्यातल्या सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणात गेले, पण उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात. मे महिन्यात जुने गावकरी तिथे जमतात आणि सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव करतात. सौम्यानंद साही यांचा ‘रिमेंबरिंग कुर्डी’ (२०१६) हा माहितीपट याच परतण्यावर आहे. नर्मदेच्या काठावरच्या सर्वांत खालच्या पाड्यांना ही सोय नाही. सरदार सरोवरातून वापरासाठी पाणी सोडण्याची ठरलेली किमान पातळीच ११०.६४ मीटर आहे. त्याहून बरीच खाली असलेली घरे, शेते आणि घाट भर उन्हाळ्यातही सहसा दिसत नाहीत. परत जाऊन पाहण्यासारखे काही उरलेले नाही. म्हणून तिथे चित्रीकरणाचे वजन वाढते.

हे चित्रीकरण कोणी केले?

नर्मदा खोऱ्यावर भारतात आणि परदेशात अनेक माहितीपट झाले. त्यांतले काही असे:

• ‘नर्मदा: अ व्हॅली राइजेस’ (१९९४). कॅनडास्थित दिग्दर्शक अली काझिमी यांचा हा माहितीपट डिसेंबर १९९० मध्ये निघालेल्या संघर्ष यात्रेवर आहे. हजारो लोक चालत गुजरातच्या सीमेवरील फेरकुव्यापर्यंत गेले होते.

• ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५). आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी काही वर्षे पुन्हा पुन्हा खोऱ्यात जाऊन व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेली ही डायरी आहे. १९९६ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

• ‘कैसे जीबो रे’ (१९९७). झरना झवेरी आणि अनुराग सिंग यांच्या या माहितीपटात नर्मदेवरच्या धरणांमुळे उठलेल्या लोकांचे जगणे आहे.

• ‘वर्ड्स ऑन वॉटर’ (२००२). संजय काक यांचा माहितीपट.

• ‘ड्राउन्ड आउट’ (२००२). ब्रिटिश दिग्दर्शिका फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांनी जलसिंधी गावातल्या एका वैद्याच्या कुटुंबाची काही वर्षांची गोष्ट यात सांगितली आहे. जलसिंधी मध्य प्रदेशात आहे आणि नदीच्या समोरच्या काठावर महाराष्ट्राचे डोमखेडी. १९९९ च्या पावसाळ्यात या दोन्ही गावांत चढत्या पाण्यात सत्याग्रह झाला.

याशिवाय आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी केलेले शूटिंग आहे, वृत्तवाहिन्यांचे फुटेज आहे आणि धरणाची बाजू मांडणारे सरकारी प्रचारपटही आहेत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने देशभरातल्या धरणांवर, कालव्यांवर आणि ‘नव्या भारता’वर कित्येक लघुपट केले. स्मृतीच्या दृष्टीने हे सगळेच साहित्य उपयोगाचे आहे. ज्या सरकारी फिल्ममध्ये गाव ‘मागासलेले’ म्हणून दाखवलेले असते, त्या फिल्ममध्येही त्या गावातले एखादे खरे झाड, खरे घर, खरा चेहरा असतो.

बोलणाऱ्याच्या मागे काय दिसते?

आंदोलनाच्या फुटेजमध्ये सभा, घोषणा, पोलीस आणि नेते जास्त दिसतात. कॅमेरा त्यासाठीच आलेला होता. गाव जपायचे असेल तर तेच दृश्य वेगळ्या नजरेने पाहावे लागते. भाषण करणाऱ्या माणसाच्या मागे कुडाच्या भिंतीचे घर आहे का? त्याला कौले आहेत की गवत? बाजूला धान्याची कणगी दिसते का? मागची टेकडी कोणती? नदीचे वळण कोणते? मागून कोणाचे गाणे ऐकू येते?

पॅलेस्टिनी दिग्दर्शक कमाल अल्जाफरी यांनी हे तंत्र एका आख्ख्या चित्रपटासाठी वापरले. याफा या जुन्या शहरात १९६० च्या दशकापासून अनेक इस्रायली आणि अमेरिकी कथापट चित्रित झाले. त्या कथापटांत तिथल्या मूळ रहिवाशांना जागा नव्हती, पण त्यांचे शहर मागे दिसत होते. अल्जाफरी यांनी ‘रिकलेक्शन’ (२०१५) मध्ये त्या चित्रपटांतली दृश्ये घेतली, पुढचे नट संगणकावर पुसून टाकले आणि मागच्या गल्ल्या, भिंती, चुकून चौकटीत आलेली माणसे तेवढी ठेवली. दुसऱ्यांच्या सिनेमातून त्यांनी आपले गाव परत मिळवले.

उलट उदाहरण नंदुरबारचेच आहे. अक्राणी तालुक्यातल्या बिलगाव येथे २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानातून आणि केरळच्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला आणि गावात वीज आली. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) मधल्या वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे या प्रयोगाची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. ‘स्वदेस’चे गाव मात्र सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झाले. दिवा लागल्याचा तो प्रसंग देशाला पाठ आहे, पण त्यात बिलगावचा एकही दगड नाही. बिलगावचा प्रकल्प २००६ मध्ये बुडिताच्या पाण्यात गेला. गोष्ट लोकप्रिय झाली म्हणजे ठिकाण जपले गेले, असे होत नाही.

फुटेज सापडले म्हणजे स्मृती जपली का?

अजून नाही. नाव नसलेले चित्र हे कोणत्याही गावाचे चित्र असू शकते. ‘नर्मदा खोऱ्यातली आदिवासी स्त्री’ असे लिहिलेल्या दृश्यातून त्या बाईची नात काहीच मिळवू शकत नाही. ‘डोमखेडी, अमुक पाडा, अमक्याची आई, मागे आमचे मक्याचे शेत’ अशी नोंद जोडली की तेच दृश्य घराण्याचा ठेवा होते.

ही नोंद फक्त तिथे राहिलेली माणसे करू शकतात. १९९३ मध्ये जो पंचविशीचा होता तो आज साठीच्या घरात आहे. त्या वेळचे कारभारी, पुजारा, गायना म्हणणारे यांच्यातले कित्येक जण आज नाहीत. पुनर्वसन वसाहतीत जन्मलेल्या मुलांनी जुने गाव पाहिलेलेच नाही.

मौखिक इतिहासाचे काम इथे उपयोगी पडते. नंदिनी ओझा या पूर्वी नर्मदा बचाओ आंदोलनात पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या. नंतर त्यांनी खोऱ्यातल्या अनेक माणसांच्या दीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. निमगव्हाण परिसरातील केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे या दोन ज्येष्ठ आदिवासी नेत्यांच्या कथनावर आधारलेले त्यांचे ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने काढले. त्यात इतिहास गावातल्या माणसाच्या तोंडून येतो. असे ध्वनिमुद्रण आणि जुने चित्रीकरण शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याला नाव देते.

जुनी फिल्म लोकांना परत दाखवली की काय घडते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण चिलीचे आहे. पात्रिसिओ गुझमान यांनी १९७३ च्या लष्करी उठावाआधीचे चित्रीकरण देशाबाहेर नेऊन ‘द बॅटल ऑफ चिली’ हा तीन भागांचा माहितीपट केला. चिलीत तो अनेक वर्षे दाखवता आला नाही. पुढे ते ही फिल्म घेऊन मायदेशी गेले, विद्यार्थ्यांना आणि त्या काळातल्या साक्षीदारांना ती दाखवली आणि त्यांच्या प्रतिक्रियांवर ‘चिली, ऑब्स्टिनेट मेमरी’ (१९९७) केला. शाळेत वेगळाच इतिहास शिकलेली मुले पडद्यावर आपल्या आई-वडिलांचे शहर पाहून रडली. फिल्म डब्यात होती तोवर ती दस्तऐवज होती. लोकांपुढे लागल्यावर तिच्यावर वाद झाले, आठवणी निघाल्या, माणसे ओळखली गेली.

फुटेज काय लपवते?

कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हटले जाते, पण तो निवड नक्की करतो. नर्मदाकाठच्या फुटेजच्या काही मर्यादा उघड आहेत.

पहिली, कॅमेरे संघर्षाच्या वेळी आले. त्यामुळे पावसाळ्यातला पूर आणि मोर्चे भरपूर आहेत. पेरणी, मासेमारी, बाळंतपण, बाजारहाट, पाड्यातली भांडणे कमी आहेत. फक्त तेच पाहून पुढची पिढी समजेल की आजोबांचे आयुष्य लढण्यातच गेले.

दुसरी, काही गावे पुन्हा पुन्हा दिसतात. मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाण, जलसिंधी ही सत्याग्रहाची केंद्रे होती. आत वसलेल्या, वाट अवघड असलेल्या गावांत कॅमेरा क्वचित पोहोचला.

तिसरी, सण ‘रंगीत’ असतो म्हणून तो जास्त टिपला जातो. होळीला मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि अंगावर राखेची नक्षी असलेले बुध्या आणि बावा कॅमेऱ्याला आवडतात. काठीच्या राजवाडी होळीला तर आजही कॅमेऱ्यांची गर्दी असते. पण होळीआधी पाळला जाणारा कडक नेम आणि त्यामागची समजूत चित्रात दिसत नाही. ती सांगावी लागते.

चौथी, जे स्वखुशीने किंवा नाइलाजाने लवकर पुनर्वसनाला गेले, त्यांची बाजू आंदोलनाच्या फुटेजमध्ये कमी आणि सरकारी फुटेजमध्ये सजवून येते. गावाच्या स्मृतीत दोन्ही प्रकारची माणसे हवीत.

टेप किती वर्षे टिकते?

फार नाही. १९९० च्या दशकातले बहुतेक शूटिंग यू-मॅटिक, बीटाकॅम, हाय-८, व्हीएचएस आणि पुढे मिनी-डीव्ही या चुंबकीय टेपवर झाले. उष्णता आणि दमटपणात टेपवरचा थर सुटू लागतो, बुरशी येते, टेप चिकटते. टेप चांगली असली तरी ती चालवणारे यंत्र मिळत नाही. व्हीएचएस प्लेअर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म व ध्वनी संग्रहालयाने ‘२०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या टेप बहुतांशी कायमच्या गमावल्या जातील’ असा इशारा दिला होता. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरातल्या संग्रहालयांना याच धोक्याबद्दल विचारणा करणारा प्रकल्प हाती घेतला. भारतात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे आणि २०२२ मध्ये ते, तसेच फिल्म्स डिव्हिजन, एनएफडीसीमध्ये विलीन झाले. अशा संस्थांकडे प्रामुख्याने पूर्ण झालेले चित्रपट जातात. माहितीपटांचे रशेस बहुधा दिग्दर्शकांच्या घरी, संस्थांच्या कपाटात किंवा कार्यकर्त्याच्या पेटीत असतात. त्यांची एकत्र यादी करणे, हेच पहिले काम ठरते.

फुटेजवर हक्क कोणाचा?

कायद्याने चित्रपटावरचा स्वामित्व हक्क निर्मात्याकडे असतो. भारतात तो प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९९५ मध्ये प्रदर्शित झालेला माहितीपट २०५५ अखेरपर्यंत हक्काखाली राहील. त्याचा तुकडा उचलून रीलमध्ये टाकण्याआधी परवानगी घेणे हाच सरळ मार्ग आहे. समीक्षा किंवा चर्चेसाठी मर्यादित वापराला कायद्यात सूट आहे, पण ‘यूट्यूबवर होते’ म्हणजे मोफत, असे नाही.

कायद्यापलीकडे आणखी एक हक्क आहे, चित्रात दिसणाऱ्यांचा. तीस वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर रडलेल्या बाईने ते दृश्य मोबाइलवर फिरेल अशी कल्पना केली नव्हती. देवाचे गाणे किंवा पूजेचा विधी गावाबाहेर दाखवायचा की नाही, हे गावाने ठरवायचे असते. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू समाजासोबत काम करताना ‘मुकुर्तू’ ही संग्रह-प्रणाली तयार झाली. तीत कोणते चित्र कोणी पाहावे, याचे नियम तो समाज स्वतः घालतो. मृत व्यक्तींची चित्रे दाखवण्याआधी सूचना देण्याची पद्धतही तिथे रूढ आहे. कॅनडात झकारियास कुनुक आणि त्यांच्या साथीदारांनी १९९० मध्ये ‘इसुमा’ ही इनुइट लोकांची स्वतःची निर्मिती संस्था काढली आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींवरून जुने जगणे पडद्यावर आणले. कॅमेरा कोणाच्या हातात, यावर स्मृती कोणाची हे बरेचसे ठरते.

गावाला गाव परत कसे दाखवता येईल?

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक प्रोजेक्टर किंवा टीव्ही, डिजिटल केलेले फुटेज आणि दोन रेकॉर्डर पुरतात. वसाहतीत फुटेज दाखवायचे, हवे तिथे थांबवायचे आणि जाणत्यांना विचारायचे: हे कोण, ही जागा कोणती, हे झाड आता कुठे? उत्तरे देहवालीत किंवा पावरीत, बोलली तशीच नोंदवायची. मराठी भाषांतर नंतर करता येते, पण मूळ शब्द गेला तर परत येत नाही. टेकड्या, ओढे, शेतांची नावे नकाशावर मांडायची. हे काम एकाच वसाहतीत करून भागत नाही. परवेट्याला गेलेल्या आजीला जे आठवते ते रेवानगरच्या आजोबांना आठवेलच असे नाही. आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालवलेल्या जीवनशाळांतून शिकलेले तरुण आज या भागात आहेत. दोन्ही भाषा जाणणारे आणि मोबाइल हाताळणारे हेच लोक हे काम सर्वांत चांगले करू शकतील.

घरात जुनी कॅसेट असेल तर काय करावे?

नर्मदाकाठच नव्हे, कोणत्याही गावाला हे लागू आहे.

• कॅसेट उभी, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी. चुंबक आणि स्पीकरपासून दूर ठेवावी.
• पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नये. टेपही खराब होते आणि यंत्रही.
• चुकून वरून रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटची सुरक्षा-कळ तोडावी किंवा सरकवावी.
• डिजिटल केल्यावरही मूळ कॅसेट फेकू नये.
• फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर.
• व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवताना त्याचा दर्जा घसरतो. जपायची प्रत ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवावी.
• सोबत साधी नोंद लिहावी: केव्हा, कुठे, कोणी काढले, कोण कोण दिसते, कोणती भाषा, कोणाला दाखवायची परवानगी आहे.
• जुन्या दृश्याला रंग देणे किंवा एआयने चेहरे ‘सुधारणे’ टाळावे. केलेच तर तसे स्पष्ट लिहावे आणि मूळ प्रत वेगळी ठेवावी. संगणकाने घातलेला चेहरा आजीचा नसतो.

यांतली नोंद लिहिण्याची कृती सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाते. टेप दहा वर्षांनी डिजिटल करण्याचा एखादा मार्ग कदाचित निघेलही. पण त्यात नदीकाठी उभा असलेला माणूस कोण, हे तेव्हा सांगायला कोणी असेलच असे नाही. म्हणून आधी विचारायचे ते वडीलधाऱ्यांना, आणि त्यांचे उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवायचे.